उजव्या पायाचा ब्रेक

४ जानेवारी

प्रिय दादा,

साष्टांग नमस्कार घालायला गुडघे ऐकत नाहीत, म्हणून उभ्यानेच करते. बाबा गेल्याला नऊ वर्षं झाली. तेव्हापासून दर जानेवारीत मी तुला एक छापील कार्ड पाठवते आणि खाली सही करते. या वर्षी कार्ड आणलं, पाकिटात घातलं, आणि पुन्हा बाहेर काढलं. म्हटलं, आता सरळ लिहावं.

निमित्त मड्डमचं आहे.

गेल्या महिन्यात मी तिला शेवटची किक मारली. म्हणजे ती शेवटची ठरली. सातव्या किकेला ती सुरू झाली आणि माझा गुडघा बंद पडला. हाडांचे डॉक्टर एक्स-रे उजेडाकडे धरून म्हणाले, बाई, या वयात तुम्ही मोटरसायकल चालवता? मी म्हटलं, मी कुठली चालवते, तीच मला चालवते. त्यांना हसू आलं नाही. गोळ्या लिहून दिल्या.

तर मी ठरवलं आहे की मड्डम आता तुझ्याकडे यावी. खरं तर ती तुझीच. आणि नुसती पाठवणार नाही. तू चालवायचास तेव्हा जशी होती, अगदी तशी करून पाठवणार. बाबांनी नंतर तिच्यात जे बदल केले ते सगळे काढून टाकायचे. गिअर पुन्हा उजव्या पायाशी, ब्रेक डाव्या पायाशी, कारखान्यातून निघाली तेव्हा होता तसा. छापखान्याच्या मागच्या गल्लीत एक मिस्त्री आहेत, ते फक्त जुन्या विलायती गाड्यांचं काम करतात. परवा घरी येऊन गेले. अर्धा तास तिच्याभोवती फिरले आणि तेवढ्या वेळात माझ्याशी चकार शब्द बोलले नाहीत, जे काही बोलले ते तिच्याशीच.

शेड उघडली की अजून तोच वास येतो रे. रॉकेल, ग्रीस आणि जुनी वर्तमानपत्रं. रविवारी सकाळी बाबा जमिनीवर पेपर पसरायचे आणि तिचा एकेक भाग काढून बातम्यांवर मांडायचे. तू एका बाजूला, मी दुसऱ्या. माझ्याकडे नट धुवायचं काम. तू म्हणायचास, "ए कॉन्व्हेंट, तीन नंबरचा पाना दे." मी म्हणायची, आधी प्लीज म्हण. तू प्लीज म्हणायचा नाहीस, मी पाना द्यायची नाही, आणि बाबा काही न बोलता हात लांब करून तो स्वतःच घ्यायचे. ते पाने मी जपून ठेवलेत. जगातल्या दुसऱ्या कुठल्या गाडीला ते लागत नाहीत, इंचाचे नाहीत आणि मिलिमीटरचेही नाहीत. बाबांच्या कारखान्यातला तो गोरा इंजिनिअर मायदेशी परतताना बाबांना गाडी देऊन गेला, तेव्हा पान्यांची पेटीही देऊन गेला. शहाणा माणूस. पेटीवाचून ती गाडी म्हणजे किल्लीवाचून कुलूप.

तेल अजून गळतं. खाली पत्र्याचा ट्रे अजून तोच. "तेल गळतंय म्हणजे पोटात तेल आहे," हे बाबांचं वाक्य मी मिस्त्रींना ऐकवलं. तेव्हा मात्र ते हसले.

बाबांनी ते बदल का केले, हे तुला ठाऊकच आहे. त्यावर आता काय लिहायचं.

पत्ता तोच आहे ना, तेवढं कळव.

तुझी,
कॉन्व्हेंट


१९ जानेवारी

प्रिय दादा,

तुझं कार्ड मिळालं. दोन ओळी. "गाडी बाबांनी तुझ्यासाठी बदलून घेतली. तुझ्याकडेच राहू दे." तुझं अक्षर अजून उजवीकडे कलतं. शाळेत सिस्टरनी हे अक्षर बघितलं असतं तर म्हणाल्या असत्या, याला आधी उभं राहायला शिकवा.

हे तुला कुणी सांगितलं, तेही मला माहीत आहे. बाबा गेले तेव्हा तू एका दिवसासाठी आला होतास. डावा पाय तसाच, लाकडासारखा टाकत. घोट्याची हाडं डॉक्टरांनी जोडून एक केली, तेव्हापासून ते पाऊल वाकत नाही. तू शेडच्या दारापर्यंत गेलास. तिथे टर्नरकाका उभे होते, बाबांच्या शेजारच्या लेथवरचे. ते म्हणाले, "लेकीसाठी म्हातारा वेडा झाला होता. ब्रेक काय, गिअर काय, सगळं इकडचं तिकडे केलं." तू ताडपत्रीकडे बघितलंस आणि परत फिरलास. ताडपत्री उचलली नाहीस.

मी तुमच्या मागेच होते, चहाचे कप घेऊन. मी म्हटलं, काका, साखर किती?

असो. आज मिस्त्री कामाला आले. त्यांनी गाडी स्टँडवर घेतली, टॉर्च घेऊन खाली झोपले आणि बराच वेळ बाहेर आलेच नाहीत. मला वाटलं डोळा लागला. मग खालूनच म्हणाले, "बाई, हे कापायचं?"

बाबांनी गाडीच्या पोटाखालून एक आडवा रॉड नेला आहे. उजवीकडे पेडल दाबलं की तो फिरतो आणि डावीकडून मागचा ब्रेक ओढतो. पायाचा गिअर काढून टाकीच्या बाजूला हातगिअर बसवला आहे. मिस्त्री म्हणाले, असं वेल्डिंग मी आयुष्यात चार वेळा बघितलं असेल. मी म्हटलं, कापा. ही गाडी माझ्या भावाला द्यायची आहे, तो चालवायचा तशी करून.

त्यांनी विचारलं, भावाला चालवता येते ना? मी म्हटलं, यायची. वळणावर खडीवरून घसरला, गाडी डाव्या पायावर पडली, घोटा गेला.

मिस्त्री उठून बसले. हातातला पाना त्यांनी पेपरवर ठेवला.

"डावा? आणि तुम्ही ब्रेक डाव्या पायाला करायला सांगताय? बाई, तुम्ही त्यांना गाडी देताय की गाडीचा फोटो?"

दादा, खरंच सांगते, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तू होतास तेव्हाची गाडी, एवढंच मनात होतं. तू होतास तेव्हाचा पाय काही मी परत आणू शकत नाही.

मग त्यांनी उजव्या पेडलवरचा लाकडी ठोकळा बोटाने वाजवला. "हा कुणाचा?"

मी म्हटलं, माझा. माझा पाय तिथवर पोचत नव्हता, म्हणून मी बसवून घेतला.

"आणि पेडल कुणाचं?"

मी म्हटलं, चहा घेणार ना?

तुझी,
कॉन्व्हेंट


२१ जानेवारी

दादा,

परवाचं पत्र मी भित्र्यासारखं संपवलं. चाळीस वर्षं मी प्रत्येकाला चहाच विचारत आले आहे.

पेडल तुझं आहे.

मड्डममधला एकही बदल माझ्यासाठी केलेला नव्हता. सगळं तुझ्यासाठी होतं. आज हे पहिल्यांदा कागदावर लिहिते आहे.

हॉस्पिटलात बाबा तुला एवढंच म्हणाले होते, "आता गाडी बंद." ते तुला कसं लागलं ते मी बघितलं होतं. कुबडी सुटताच तू लांबची नोकरी धरलीस आणि निघालास. जाताना आईला म्हणालास, या घरात माझ्या पायापेक्षा मडगार्डला आलेल्या पोचाची काळजी जास्त आहे. बाबा तेव्हा शेडमध्ये होते. त्यांनी ऐकलं. त्यांना बोलता यायचं नाही रे. पन्नास शब्दांचं काम असलं तर ते तीन शब्द वापरायचे आणि वर त्यातला एक परत घ्यायचे.

तू गेलास शनिवारी. सोमवारी कामावरून आल्यावर त्यांनी ताडपत्री काढली. तुझा उजवा बूट घरातच राहिला होता. डावा हॉस्पिटलात कात्रीने कापला होता, आणि एकट्या बुटाचं करायचं काय म्हणून आईने तो माळ्यावर टाकला होता. बाबांनी तो उतरवला, त्यात चिंध्या कोंबल्या, एका काठीला बांधला आणि पाय ठेवायच्या दांडीवर टेकवून मापं घेऊ लागले. टाच कुठे येते, चवडा कुठे, किती दाबल्यावर ब्रेक लागतो. मी दारात बसून भूगोल पाठ करत असायची आणि बाबा त्या रिकाम्या बुटाशी बोलत असायचे. "दाब. हां. आता सोड. जोर लावू नकोस, अंदाज लाव."

आधी केबल घालून बघितली, ती ताणली जायची. मग रॉड केला, तो वाकला. मग कारखान्याच्या लेथवर, सुट्टीच्या वेळात, दुसरा जाड रॉड केला. सात महिने चाललं होतं. शेवटी चालवून बघायला कुणी तरी हवं होतं. बाबा स्वतः बसले की म्हणायचे, मला काही कळत नाही, माझे दोन्ही पाय चांगले आहेत. म्हणून त्यांनी मला बसवलं आणि माझा डावा पाय वापरायची बंदी केली. माझं वजन तुझ्याएवढं भरेना, तर मागच्या सीटवर सिमेंटची अर्धी गोणी बांधली. अशी मी मोटरसायकल शिकले. सतरा वर्षांची, दोन वेण्या, शाळेचा निळा स्कर्ट, आणि मागे सिमेंट.

काम झालं तेव्हा बाबांनी मला पत्र लिहायला बसवलं. घरातली पत्रं आठवीपासून मीच लिहायची. बाबा एकेक दात मोजून गिअरचं चित्र काढायचे, पण चार ओळी लिहायच्या म्हटलं की त्यांना घाम फुटायचा. ते सांगत, मी लिहीत असे. आणि लिहिताना सुधारत असे. सिस्टरनी शिकवलं होतं, पत्र म्हणजे दुसऱ्याच्या घरी जाणं. पाय पुसून जावं. बाबांची वाक्यं तेलाच्या हातांसारखी असायची. मी ती पुसून घ्यायची.

त्या दिवशी त्यांनी गाडीबद्दल एक वाक्य सांगितलं. मला ते पत्रात फार रांगडं वाटलं. मी त्याऐवजी लिहिलं, "गाडी बाबांनी नीट झाकून ठेवली आहे. तिची काळजी नसावी."

तुझं उत्तर मला तोंडपाठ आहे. "गाडी झाकूनच ठेवा. मी येणार नाही."

तर एका शाळकरी मुलीच्या शुद्धलेखनापायी हे सगळं झालं. मिस्त्रींना मी काम थांबवायला सांगितलं आहे. तू काय म्हणतोस ते कळल्याशिवाय एकही नट हलणार नाही.

तुझी,
कॉन्व्हेंट


२८ जानेवारी

दादा,

मागचं पत्र टाकून आले आणि पोस्टाच्या पायरीवरच मला कळलं की मी पुन्हा तेच केलं आहे. पाय पुसून आले आहे.

शुद्धलेखनापायी काही झालं नाही. बाबांचं वाक्य रांगडं होतं हे खरं, पण ते मला नीट कळलं होतं. तुला पोचलं तर तू येशील, हेही कळलं होतं. आणि तू आलास की मड्डम तुझी.

मला ती हवी होती.

तुला हे पटेल की नाही माहीत नाही. तोवर मला कुणी काही चालवायला दिलं नव्हतं. माझ्या वाट्याला नट धुणं, पत्रं लिहिणं, आणि सिस्टरांसमोर वाकून उभं राहणं. त्या चालवून बघण्याच्या दिवसांत बाबा रोज संध्याकाळी माझ्यामागे गल्लीतून धावत यायचे आणि ओरडायचे, अंदाज, अंदाज. ते तुझ्यासाठी धावत होते. मला माहीत होतं. तरी धावत माझ्यामागे होते. ते संपावं असं मला वाटलं नाही. म्हणून मी पेन घेतलं आणि वाक्य बदललं. अक्षर छान आलं होतं.

आता यातली सगळ्यात वाईट गोष्ट.

तुझं ते उत्तराचं कार्ड आलं तेव्हा ते बाबांच्या हातात पडलं. त्यांना सावकाश वाचता यायचं. त्यांनी वाचलं, परत वाचलं. त्यांच्या लेखी तुला सगळं कळवलेलं होतं. तुझ्या पायासाठी ब्रेक इकडून तिकडे आणला, हे वाचून तू लिहिलं होतंस, झाकूनच ठेवा. ते म्हणाले, "ठीक." कार्ड खिशात घातलं, शेडमध्ये गेले आणि सगळे पाने एकेक करून पुसले. पुसलेलेच होते. दोन आठवड्यांनी मला म्हणाले, "चल. मग तूच चालव."

मी चालवली. कॉलेजला, मग शाळेत शिकवायला लागले तेव्हा शाळेत, लग्नानंतरही. मुलं मला फटफटीवाल्या बाई म्हणायची. लोक बाबांचं कौतुक करायचे, लेकीसाठी केवढं केलं म्हणून. बाबा ऐकायचे आणि काही बोलायचे नाहीत. मीही बोलायची नाही. ब्रेक मात्र मला कधी नीट लागला नाही. नऊ नंबरच्या बुटाच्या मापाचा तो, माझा पाय पाच नंबरचा; सीटवरून घसरत ताणला की जेमतेम टेकायचा. दोनदा कुंपणाला धडकले. मग सुताराकडून ठोकळा करून पेडलवर बसवून घेतला. बाबांनी तो बघितला, बोटाने हलवून बघितला, आणि म्हणाले, स्क्रू दोन लाव, एकाने फिरेल. बस. तेवढंच.

ते तीस वर्षं जगले त्यानंतर. तीस वर्षं मला रोज सांगता आलं असतं. आजारपणात मी त्यांच्या उशाशी बसायची. एकदा त्यांनीच विषय काढला. म्हणाले, थोरल्याचा राग मोठा आहे, पण माप बरोबर होतं. मी म्हटलं, हो बाबा, बरोबर होतं. आणि त्यांना पाणी दिलं.

ते तू नको म्हणालास असं समजून गेले. तुझी समजूत अशी की त्यांनी तुला कधी विचारलंच नाही. दोघांच्या मधे मी होते, चांगल्या अक्षराची.

माफी मागत नाही. ती मागायची बाबांकडे, आणि ती वेळ गेली. पण त्यांचं वाक्य तुझं आहे आणि ते इतकी वर्षं माझ्याकडे राहिलं. ते आज, एक काना-मात्रा न सुधारता, देते.

"त्याला लिही, ब्रेक उजव्या पायाला आणलाय. गिअर हाताला. बाकी तो समजेल."

तुझी बहीण


१२ फेब्रुवारी

दादा,

तुझं कार्ड काल आलं. पोस्टमन ते उलटसुलट करत म्हणाला, बाई, यात तर एकच ओळ आहे. मी म्हटलं, आमच्याकडे असंच लिहितात.

"ठोकळा अजून आहे का?"

ओळ मी दोनदा वाचली. मग मिस्त्रींना बोलावलं. त्यांना म्हटलं, कापायचं काही नाही, कधीच नाही. ते म्हणाले, मग मी करू काय? मी म्हटलं, तेल बदला, ब्रेकचं लायनिंग बघा, आणि मला तो मोठा स्क्रूड्रायव्हर द्या. ते म्हणाले, द्या बाई, मी काढतो. मी दिला नाही. हे माझं काम होतं.

स्क्रू गंजले होते. जोर लावला तर फिरेनात. मग अंदाज लावला. पहिला आला, दुसरा आला. ठोकळ्याखाली पेडल अजून नवं आहे, दादा. ठोकळा बसल्यापासून माझ्या पायाची धूळ त्याला लागलीच नाही. त्यावर बाबांनी कानशीने आडव्या रेघा मारल्या आहेत, बूट घसरू नये म्हणून. मी मोजल्या. सतरा आहेत.

बूट माळ्यावरच होता. बाबांनी काम झाल्यावर परत तिथेच ठेवला होता. तळाला खडूची रेघ आहे आणि खडूनेच लिहिलं आहे, "थोरला." कालपासून तेल लावून चामडं मऊ करते आहे. तुला आता घट्ट होईल, ते तू आणि तो बघून घ्या. तो मी पाठवणार नाही.

मिस्त्रींनी किक मारून दिली. चौथ्या किकेला मड्डम बोलली. अख्ख्या गल्लीच्या खिडक्या हलल्या, समोरच्या बाई बाहेर येऊन म्हणाल्या, अगं बाई, पुन्हा सुरू? मी सवयीने वर चढून बसले. क्लच दाबला, हाताने पहिला गिअर घातला, आणि उजवा पाय ब्रेककडे नेला.

पोचला नाही. चार बोटं कमी पडला.

मी गाडी बंद केली आणि खाली उतरले. ताडपत्री घडी करून फळीवर ठेवली आहे. टाकी भरलेली आहे. तेल गळतं आहे.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर: नाही, काढला.

कॉन्व्हेंट